कार्यालयीन संगणक बॅकअपसाठी साठवण क्षमतेचा अंदाज

कार्यालयीन संगणक बॅकअपसाठी साठवण क्षमतेचा अंदाज म्हणजे कार्यालयातील संगणकांवर असलेल्या माहितीच्या राखीव प्रती ठरावीक काळापर्यंत जपून ठेवण्यासाठी किती जागा लागेल, याचे आगाऊ केलेले गणित होय. ही जागा गिगाबाइट किंवा टेराबाइट या एककांत सांगतात. मूळ माहिती जेवढी, तेवढीच जागा बॅकअपला पुरते, असा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात लागणारी जागा मूळ माहितीच्या आकाराइतकीच आणखी तीन गोष्टींवर अवलंबून असते : माहिती दररोज किती बदलते, जुन्या आवृत्त्या किती मागेपर्यंत ठेवायच्या आहेत आणि प्रती किती ठिकाणी ठेवायच्या आहेत. त्यामुळे ६०० गिगाबाइट माहिती असलेल्या कार्यालयाला कधी ४ टेराबाइट, तर कधी २० टेराबाइट जागा लागू शकते.

अंदाज चुकल्याचे लगेच कळत नाही, हा या विषयातील मुख्य धोका आहे. डिस्क भरली की बॅकअपची आज्ञावली एक तर मुकाट्याने थांबते किंवा जागा करण्यासाठी सर्वांत जुन्या प्रती पुसू लागते. रोजचे काम सुरळीत चालू असल्याने तिने दाखवलेल्या सूचनेकडे कोणी पाहत नाही. संगणक बिघडतो किंवा फाइल हरवते, तेव्हा शेवटची चांगली प्रत पाच महिन्यांपूर्वीची असल्याचे उघड होते. लहान कार्यालयाच्या बाबतीत अशी हानी म्हणजे येणे-देणे, पावत्या आणि ग्राहकांची कागदपत्रे एकाच वेळी गमावणे होय.

मापनाची एकके

डिस्क बनवणाऱ्या कंपन्या दशमान पद्धती वापरतात. त्यांच्या हिशेबी १ टेराबाइट म्हणजे एकावर बारा शून्ये इतके बाइट. विंडोज ही प्रणाली मात्र १,०२४ च्या पटीत मोजते आणि एककाचे नाव तेच ठेवते. त्यामुळे १ टेराबाइट म्हणून विकत घेतलेली डिस्क संगणकावर सुमारे ९३१ गिगाबाइट दिसते आणि ४ टेराबाइटची डिस्क सुमारे ३,७२५ गिगाबाइट. ही दुकानदाराने केलेली फसवणूक नव्हे. एकाच नावाची दोन मापे प्रचलित असल्याचा तो परिणाम आहे. मूळ माहितीचा आकार विंडोजमध्ये वाचून डिस्कच्या खोक्यावरील आकड्याशी त्याची तुलना केली, तर टेराबाइटच्या पातळीवर अंदाज सुमारे ९ टक्क्यांनी चुकतो. म्हणून सर्व आकडे एकाच मापात आणूनच बेरीज करावी.

मूळ साठ्याची मोजणी

अंदाजाची पहिली पायरी म्हणजे काय जपायचे आणि काय नाही हे ठरवणे. प्रत्येक संगणकावरील विंडोज आणि तिच्यातील कार्यक्रम पुन्हा बसवता येतात; ते सगळेच्या सगळे बॅकअपमध्ये घेतल्यास दर संगणकामागे कित्येक गिगाबाइट वाढतात. काही माहिती मुळातच अन्यत्र असते. उदाहरणार्थ, महाराष्ट्रातील संगणकीकृत सातबारा शासनाच्या मध्यवर्ती यंत्रणेत असतो. जमीन-व्यवहाराचे काम करणाऱ्या खासगी कार्यालयाने उतरवून घेतलेले उतारे जपणे सोयीचे खरे. पण ते पुन्हा मिळू शकतात. त्यावर स्वतः केलेल्या नोंदी, पक्षकारांशी झालेला पत्रव्यवहार आणि स्कॅन केलेले जुने दस्त यांना दुसरा आधार नसतो. जागा अपुरी असेल, तर पहिला हक्क या दुसऱ्या गटाचा.

लिखित मजकूर जागा फारशी व्यापत नाही. युनिकोडच्या यूटीएफ-८ या प्रचलित सांकेतिकीकरणात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. ‘दहिवली’ या शब्दात मात्रांसह सहा चिन्हे असल्याने तो १८ बाइटांत मावतो. अडीच हजार शब्दांचा मराठी लेख साध्या मजकुराच्या रूपात साधारण ५० किलोबाइटच्या आसपास जातो. मोबाइलवर काढलेले एक छायाचित्र त्याच्या कित्येक पट मोठे असते. येथे मराठी कार्यालयांपुरती एक बाब नोंदवण्याजोगी आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी श्रीलिपी किंवा आकृतीसारख्या टंकांत टंकलिखित केलेला मजकूर तो टंक संगणकावर नसेल, तर रोमन अक्षरांच्या जंजाळासारखा दिसतो. अशा फाइलींबरोबर त्यांचे टंकही जपले नाहीत, तर बॅकअप तांत्रिकदृष्ट्या अखंड राहूनही निरुपयोगी ठरतो. टंकांना लागणारी जागा नगण्य असते.

खरी जागा स्कॅन आणि चित्रफिती खातात. ए-फोर आकाराचे पान ३०० डीपीआय घनतेने रंगीत स्कॅन केले, तर त्याची कच्ची प्रतिमा सुमारे २६ मेगाबाइट होते. संकोचनानंतर ती साधारण १ मेगाबाइटपर्यंत येते. तेच पान केवळ काळ्या-पांढऱ्या रूपात घेतल्यास ते १०० किलोबाइट किंवा त्याहून कमी जागेत बसते. दिवसाला २०० पाने स्कॅन करणाऱ्या कार्यालयात वर्षाच्या ३०० कामकाजी दिवसांत पहिल्या पद्धतीने ६० गिगाबाइट, तर दुसऱ्या पद्धतीने ६ गिगाबाइट वाढ होते. स्कॅनरवरचे कोणते बटण दाबायचे, हा निर्णय बहुधा कार्यालयातील सर्वांत कनिष्ठ कर्मचारी घेतो आणि पुढील दहा वर्षांचा डिस्कचा खर्च त्यावरून ठरतो.

सीसीटीव्हीचे चित्रण वेगळे ठेवलेले बरे. सेकंदाला ४ मेगाबिट या गतीने चित्रण करणारा एक कॅमेरा चोवीस तासांत ४३.२ गिगाबाइट माहिती निर्माण करतो. चार कॅमेऱ्यांचे तीस दिवसांचे चित्रण ५,१८४ गिगाबाइट होते. कार्यालयाच्या संपूर्ण कामकाजापेक्षा हे कित्येक पट अधिक आहे. म्हणून ते नेहमीच्या बॅकअपात न घेता, एखादी घटना घडल्यास तेवढाच भाग काढून जपण्याची पद्धत अधिक व्यवहार्य आहे.

बदलाचा दर

दररोज किती माहिती नवी येते किंवा बदलते, याला बदलाचा दर म्हणतात. तो अंदाजाने ठरवण्यापेक्षा मोजणे सोपे असते. दोन ते चार आठवडे रोजचा बॅकअप चालवून त्याच्या नोंदवहीतील आकडे पाहिले की दर कळतो. मात्र ते आठवडे कोणते, याला महत्त्व आहे. करसल्लागाराच्या कार्यालयात मासिक वस्तू व सेवा कर विवरणपत्रांच्या ११ आणि २० तारखांच्या सुमारास काम फुगते. मार्चअखेर आणि लेखापरीक्षणाच्या हंगामात ते आणखी वाढते. गणपतीच्या सुट्टीत मोजलेला दर सप्टेंबरच्या अखेरीस उपयोगी पडत नाही. जागेचा अंदाज सरासरी दिवसावर नव्हे, तर गर्दीच्या दिवसावर करावा लागतो. ३१ मार्च हा दिवस जगभर बॅकअप दिन म्हणून पाळला जातो. भारतात तो आर्थिक वर्षाचा अखेरचा दिवस असल्याने बॅकअपची सर्वाधिक गरज आणि त्याला मिळणारा सर्वांत कमी वेळ यांची गाठ नेमकी त्या संध्याकाळी पडते.

बदलाच्या दरात एक फसवी बाब दडलेली असते. काही आज्ञावल्या सर्व माहिती एकाच मोठ्या फाइलीत ठेवतात. आउटलुकची मेलपेटी हे त्याचे परिचित उदाहरण. दिवसभरात चार पत्रे आली, तरी २० गिगाबाइटची ती संपूर्ण फाइल ‘बदलली’ असे मानले जाते. फाइलच्या पातळीवर बॅकअप घेणारी आज्ञावली ती रोज नव्याने उचलते. फाइलचे तुकडे पाडून फक्त बदललेले तुकडे उचलणाऱ्या आज्ञावलीला हा भार पडत नाही. म्हणजे माहिती तीच असली, तरी आज्ञावली कोणती यावर बदलाचा दर कित्येक पटींनी कमी-जास्त दिसतो.

बॅकअपचे प्रकार

पूर्ण बॅकअप म्हणजे सर्व माहितीची संपूर्ण नक्कल. वाढीव किंवा इन्क्रिमेंटल बॅकअपात मागील बॅकअपनंतर बदललेला भागच घेतात. फरकाच्या किंवा डिफरन्शियल बॅकअपात शेवटच्या पूर्ण बॅकअपनंतरचे सर्व बदल दर वेळी एकत्र घेतात. त्यामुळे तो आठवडाभर फुगत जातो. वाढीव प्रकार जागा वाचवतो, पण माहिती परत उतरवताना साखळीतील प्रत्येक दुवा शाबूत असावा लागतो. मधला एक दिवस खराब निघाला, तर त्यानंतरचे दिवस हाती येत नाहीत.

प्रती किती मागेपर्यंत ठेवायच्या, यासाठी आजोबा-बाप-मुलगा ही पद्धत चुंबकीय फितींच्या काळापासून चालत आली आहे. रोजची प्रत म्हणजे मुलगा, आठवड्याची म्हणजे बाप आणि महिन्याची म्हणजे आजोबा. रोजच्या प्रती लवकर पुसल्या जातात आणि महिन्याच्या प्रती वर्षभर राहतात. तीन पिढ्या एकत्र नांदवायच्या म्हटल्यावर घर मोठे लागणारच.

पुनरावृत्ती काढून टाकणे आणि संकोचन या दोन उपायांनी जागा वाचते. बारा संगणकांवर एकच फाइल असेल, तर पहिल्या उपायाने ती एकदाच साठवली जाते. संकोचनाबद्दल मात्र जाहिरातींत दिलेले आकडे जपून वाचावेत. जेपेग छायाचित्रे, पीडीएफमधील स्कॅन, चित्रफिती आणि नव्या पद्धतीच्या वर्ड फाइली आधीच संकुचित असतात. त्या पुन्हा दाबल्याने जवळपास काहीच वाचत नाही. कूटबद्ध केलेली माहितीही दाबली जात नाही, म्हणून आधी संकोचन आणि मग कूटबद्धीकरण असा क्रम ठेवतात. स्कॅन जास्त असलेल्या कार्यालयाने संकोचनामुळे निम्मी जागा वाचेल असे धरून डिस्क घेऊ नये.

उदाहरणादाखल गणित

रायगड जिल्ह्यातील कर्जत नगरपरिषदेच्या हद्दीत, उल्हास नदीच्या काठी असलेल्या दहिवलीत बारा संगणकांचे एक करसल्लागार कार्यालय आहे, अशी कल्पना करू. हे कार्यालय व त्याचे आकडे काल्पनिक आहेत. पद्धत मात्र कोणत्याही लहान कार्यालयाला लागू पडते. लेखा-आज्ञावलीची माहिती ४० गिगाबाइट, इ-मेल ६०, स्कॅन केलेली कागदपत्रे ३०० आणि इतर फाइली व छायाचित्रे २०० गिगाबाइट, अशी एकूण ६०० गिगाबाइट माहिती तेथे आहे. गर्दीच्या दिवशी ६ गिगाबाइट, म्हणजे एक टक्का माहिती बदलते. साठा दर वर्षी २० टक्क्यांनी वाढतो. डिस्क तीन वर्षे पुरावी, अशी अपेक्षा आहे.

पहिला पर्याय जुन्या वळणाचा. दर शनिवारी पूर्ण बॅकअप, सोमवार ते शुक्रवार वाढीव बॅकअप, चार आठवड्यांच्या प्रती आणि शिवाय बारा महिन्यांच्या बारा पूर्ण प्रती. चार आठवड्यांसाठी पूर्ण प्रती पाच धराव्या लागतात, कारण नवी प्रत पुरी होईपर्यंत जुनी पुसता येत नाही. ही पाचवी प्रत हिशेबातून हमखास निसटते. पाच पूर्ण प्रतींचे ३,००० गिगाबाइट, वीस वाढीव प्रतींचे १२० आणि मासिक प्रतींचे ७,२०० मिळून १०,३२० गिगाबाइट होतात. दर साल २० टक्के वाढ तीन वर्षे धरली, की १.२ चा घन म्हणजे १.७२८ हा गुणक येतो आणि आकडा १७,८३३ गिगाबाइटवर जातो.

दुसऱ्या पर्यायात पूर्ण प्रत एकदाच घेतात आणि त्यानंतर फक्त बदललेले तुकडे साठवतात. पूर्ण प्रत ६०० गिगाबाइट. महिनाभराच्या पंचवीस कामकाजी दिवसांचे बदल १५० गिगाबाइट. मासिक प्रतींसाठी दर महिन्याला पुरे १५० गिगाबाइट लागत नाहीत, कारण तेच तेच भाग पुन्हा पुन्हा बदललेले असतात. ६० गिगाबाइट धरले, तर बारा महिन्यांचे ७२० होतात. एकूण १,४७० गिगाबाइट आणि वाढीच्या गुणकासह सुमारे २,५४० गिगाबाइट.

यात मोकळी जागा मिळवावी लागते. ती किमान एका पूर्ण प्रतीएवढी असावी. तिचे कारण पुढे येते. तीन वर्षांनंतरची पूर्ण प्रत सुमारे १,०३७ गिगाबाइटची असेल. म्हणजे दुसऱ्या पर्यायाला ३,५७७ गिगाबाइट आणि पहिल्याला १८,८७० गिगाबाइट जागा हवी. एकाच कार्यालयाची तीच माहिती आणि तितकाच मागे जाण्याची सोय. तरी फरक पाचपटीहून अधिक. विंडोजच्या मापाने ३,७२५ गिगाबाइट भरणारी ४ टेराबाइटची डिस्क दुसऱ्या पर्यायाला कागदावर पुरते, पण १५० गिगाबाइटही शिल्लक राहत नाहीत. नवा कर्मचारी आला किंवा रंगीत स्कॅनचे प्रमाण वाढले, की हे गणित मोडते. अशा वेळी पुढच्या मापाची, म्हणजे ६ टेराबाइटची डिस्क घेणे इष्ट.

पहिला पर्याय यामुळे त्याज्य ठरत नाही. त्यातील प्रत्येक मासिक प्रत स्वयंपूर्ण असते. दुसऱ्या पर्यायात सर्व प्रती एकाच मूळ साठ्यावर उभ्या असतात आणि तो साठा बिघडला, तर सगळ्याच जातात. म्हणून दुसरा पर्याय निवडल्यास वर्षातून एकदा तरी, शक्यतो आर्थिक वर्षाचे हिशेब पूर्ण झाल्यावर, वेगळ्या डिस्कवर एक स्वतंत्र पूर्ण प्रत काढून ती बाजूला ठेवतात.

प्रतींची संख्या आणि ठिकाण

वर आलेला आकडा एका ठिकाणच्या बॅकअपचा आहे. तीन-दोन-एक हा नियम सर्वत्र मान्य झाला आहे : मूळ धरून माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर आणि त्यांतील एक दुसऱ्या ठिकाणी. अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोघ यांच्या लेखनातून हे सूत्र लोकप्रिय झाले. त्यानुसार काल्पनिक कार्यालयाला कार्यालयात ६ आणि बाहेर ६ टेराबाइट जागा हवी. कार्यालयातील साठा एकमेकींचे प्रतिबिंब असलेल्या दोन डिस्कांवर ठेवला, तर विकत घेण्याची क्षमता १८ टेराबाइट होते. मूळ ६०० गिगाबाइटच्या तीसपट हा आकडा ऐकून चालक दचकतात आणि बहुतेकदा बाहेरच्या प्रतीवर काट मारली जाते. काट मारायचीच झाली, तर ती प्रतिबिंबाच्या डिस्कवर मारावी. प्रतिबिंब डिस्कच्या बिघाडापासून वाचवते. चुकून पुसलेली फाइल ते तत्परतेने दोन्हीकडून पुसते.

बाहेरची प्रत किती दूर असावी, याचे उत्तर भूगोल देतो. उल्हास नदी बोरघाटाच्या परिसरातून कर्जत, बदलापूर, कल्याण असा प्रवास करते. २६ जुलै २००५ रोजी, जेव्हा मुंबईतील सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली, तेव्हा या खोऱ्यातही पुराने मोठे नुकसान केले. जुलै २०१९ मध्ये याच नदीच्या पुरामुळे वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली होती. कर्जतच्या कार्यालयाने आपली दुसरी प्रत बदलापुरात ठेवली, तर ती एकाच नदीच्या दोन काठांवर ठेवल्यासारखी होते. घाटावर, पुण्यात ठेवलेली प्रत त्या दृष्टीने अधिक सुरक्षित. जुलै २०२१ मध्ये रायगड जिल्ह्यातील महाड शहर सावित्रीच्या पुरात बुडाले, तेव्हा तळमजल्यावरील दुकाने आणि कार्यालये पाण्याखाली गेली. बॅकअपची डिस्क संगणकाशेजारी त्याच टेबलावर असणे पुरात काहीच कामाचे नसते. आगीचेही तसेच. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयाच्या चौथ्या मजल्यावर लागलेली आग वरच्या मजल्यांवर पसरली. पाच जणांचा मृत्यू झाला आणि अनेक फायली जळाल्या.

एकमेकांशी सतत जुळवून घेणाऱ्या प्रती म्हणजे बॅकअप नव्हे, याचा सर्वांत बोलका दाखला रायगड जिल्ह्याशी निगडित आहे. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या या विध्वंसक आज्ञावलीने मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीची संगणक यंत्रणा जगभर ठप्प केली. उरण तालुक्यातील जवाहरलाल नेहरू बंदरात या समूहाकडून चालवले जाणारे कंटेनर टर्मिनलही त्यात बंद पडले. कंपनीचे सुमारे दीडशे मध्यवर्ती सर्व्हर एकमेकांच्या अद्ययावत प्रती राखत असत. एक गेला तर दुसरा असावा, ही त्यामागची कल्पना. सगळे एकदम जातील, हे कोणी गृहीत धरले नव्हते. अखेर घानामधील एक सर्व्हर शाबूत सापडला, कारण हल्ल्याच्या आधी तेथे वीज गेली होती. त्यावरील माहितीच्या आधारे यंत्रणा पुन्हा उभी राहिली. दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने बसवावे लागल्याचे कंपनीच्या अध्यक्षांनी पुढे सांगितले. भारनियमनाने कोणाचे भले केल्याची उदाहरणे विरळाच. जागेच्या हिशेबापुरता याचा अर्थ असा की, जाळ्यापासून तोडलेली एक प्रत धरूनच बेरीज करावी.

मार्च २०२१ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या यंत्रणेवर रॅन्समवेअरचा, म्हणजे माहिती कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या आज्ञावलीचा हल्ला झाला. त्या वेळी जाळ्याच्या वेगळ्या भागात ठेवलेल्या बॅकअप फाइलींना बाधा झाली नसल्याचे महामंडळाने स्पष्ट केले होते.

मोकळ्या जागेचे प्रयोजन

एका पूर्ण प्रतीएवढी जागा मोकळी ठेवण्याचे कारण याच हल्ल्यांच्या स्वरूपात आहे. रॅन्समवेअर सर्व फाइली कूटबद्ध करते, तेव्हा बॅकअपच्या आज्ञावलीला त्या सगळ्या बदललेल्या दिसतात. रोज ६ गिगाबाइट घेणारा वाढीव बॅकअप त्या रात्री एकदम ६०० गिगाबाइट घेऊ पाहतो. कूटबद्ध माहिती दाबली जात नाही आणि तिच्यात पुनरावृत्तीही सापडत नाही. डिस्कवर जागा नसेल आणि आज्ञावलीला जुन्या प्रती पुसून जागा करण्याची मुभा दिलेली असेल, तर ती कुलूपबंद फाइली साठवण्यासाठी चांगल्या प्रती पुसते. म्हणून जागा कमी पडल्यास पुसण्याऐवजी थांबून सूचना देण्याची व्यवस्था ठेवावी आणि ती सूचना कार्यालयातील नेमक्या कोणाकडे जाईल, हेही ठरवावे. बॅकअपचा आकार अचानक फुगणे हे हल्ल्याचे पहिले लक्षणही असू शकते.

मोकळ्या जागेचा दुसरा उपयोग तपासणीसाठी होतो. बॅकअप खरोखर उघडतो का, हे पाहण्यासाठी तो कोठे तरी उतरवावा लागतो आणि मूळ फाइलींवर उतरवून पाहणे म्हणजे औषधाची परीक्षा रोग्यावर घेणे.

कायद्याने ठरलेला कालावधी

कंपनी कायदा, २०१३ नुसार कंपन्यांना हिशेबाची पुस्तके किमान आठ आर्थिक वर्षे जपावी लागतात. इलेक्ट्रॉनिक रूपातील हिशेबपुस्तकांचा बॅकअप भारतात प्रत्यक्ष असलेल्या सर्व्हरवर दररोज घेतला जावा, अशी दुरुस्ती ऑगस्ट २०२२ मध्ये नियमांत झाली. त्यापूर्वी तेथे ‘ठरावीक काळाने’ अशी सैल तरतूद होती. वस्तू व सेवा कराच्या नोंदी संबंधित वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने ठेवाव्या लागतात. जागेच्या दृष्टीने हे वाटते तेवढे जड नाही. आठ वर्षे जपायची ती हिशेबपुस्तके, रोजच्या सर्व फाइलींची प्रत्येक आवृत्ती नव्हे. वरील उदाहरणात लेखा-आज्ञावलीची माहिती ४० गिगाबाइट आहे. तिच्या आठ वार्षिक प्रती आजच्या आकाराने ३२० गिगाबाइटमध्ये बसतात. सगळ्याच माहितीला आठ वर्षांचा नियम लावला, की अंदाज अकारण फुगतो आणि मग खर्चाच्या भीतीने बॅकअपच टळतो.

जागा आणि वेळ

पुरेशी जागा असूनही बॅकअप रात्रीत पुरा झाला नाही, तर तो अपुराच. कार्यालयातील गिगाबिट जाळ्यावर सेकंदाला १०० मेगाबाइट गती मिळाल्यास ६०० गिगाबाइटची पूर्ण प्रत १ तास ४० मिनिटांत होते. इंटरनेटवरील साठ्याकडे पाठवताना हिशेब बदलतो. तेथे गती बाइटांत नव्हे, बिटांत सांगतात. एका बाइटात आठ बिट असतात. सेकंदाला २० मेगाबिट या गतीने पहिली पूर्ण प्रत वर चढायला सुमारे ६६ तास ४० मिनिटे, म्हणजे जवळजवळ तीन दिवस लागतात; रोजचे ६ गिगाबाइट मात्र ४० मिनिटांत जातात. माहिती परत आणताना सेकंदाला १०० मेगाबिट गती मिळाली, तरी १३ तास २० मिनिटे जातात. पावसाळ्यात वीज आणि इंटरनेट दोन्ही बेभरवशाचे असणाऱ्या भागात पहिली प्रत डिस्कवर घेऊन प्रत्यक्ष नेणे अधिक जलद पडते. खंडित वीजपुरवठ्यात अर्धवट राहिलेली प्रतही डिस्कवर जागा अडवून बसते. असे तुकडे आपोआप साफ होतात की नाही, ते पाहावे लागते.

देखरेख

केलेला अंदाज दर तीन महिन्यांनी प्रत्यक्ष वापराशी ताडून पाहतात. डिस्क ७० टक्के भरली, की नवी घेण्याची तजवीज सुरू करणे योग्य, कारण लहान कार्यालयांत मंजुरी, खरेदी आणि जोडणी यांत महिना-दीड महिना सहज जातो. कोकणातील दमट हवेत सीडी आणि फितींवर बुरशी धरते, म्हणून बाजूला ठेवलेल्या माध्यमांबरोबर आर्द्रता शोषणारी पुडी ठेवून ती दर पावसाळ्याआधी बदलतात. एसएसडी वीजेशिवाय दीर्घकाळ पडून राहिल्यास तिच्यातील माहिती पुसट होऊ शकते. वार्षिक प्रतींसाठी म्हणून साधी हार्ड डिस्क किंवा फीत वापरतात. प्रत्येक डिस्कवर तिच्यातील माहितीचा कालावधी, घेतल्याची तारीख आणि मापाचे एकक लिहून ठेवले जाते. कूटबद्ध प्रतींची किल्ली मात्र डिस्कवर चिकटवत नाहीत. ती निराळ्या जागी, शक्यतो कार्यालयाच्या दोन जबाबदार व्यक्तींकडे, कागदावर लिहून ठेवतात.